वाकून वाकून थकणारं पोलाद

तेलविहिरीत उतरणाऱ्या कॉइल्ड ट्युबिंगचा फोटो पाहिला की बहुतेकांना ती नळी रबराची वाटते. ट्रकवरच्या प्रचंड रिळावर वेढ्यावर वेढे बसलेले असतात, आणि पोलाद असं गुंडाळता येईल यावर विश्वास बसत नाही. पण ती पोलादाचीच असते, कित्येक किलोमीटर लांब आणि मध्ये एकही आट्यांचा जोड नसलेली.

नेहमीचे पाइप सुमारे 9 मीटरचे असतात. ते एकेक करून जोडत सोडायचे, तर दर जोडणीला आतला प्रवाह थांबतो, आणि बहुधा आधी जड द्रव भरून विहीर शांत करावी लागते. अखंड नळी मात्र दाब असलेल्या चालू विहिरीत उतरवता येते, आणि उतरत असतानाच तिच्यातून द्रव किंवा वायू सोडता येतो. मुंबई हायमध्ये थंडावलेली विहीर पुन्हा वाहती करायला अशा नळीतून नायट्रोजन सोडतात. त्यानं विहिरीतला द्रवाचा स्तंभ हलका होतो आणि खडकातला दाबच तेल वर ढकलतो.

पोलादी नळी गुंडाळण्याचं धाडस दुसऱ्या महायुद्धातलं. 1944 मध्ये इंग्लिश खाडीच्या तळाशी इंधनाची पाइपलाइन टाकताना ब्रिटिशांनी 3 इंची पाइप सुमारे 12 मीटर व्यासाच्या तरंगत्या पिंपांवर गुंडाळून नेला. तेलविहिरीसाठीचं पहिलं पूर्ण यंत्र 1962 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया ऑइल कंपनी आणि बोवेन टूल्स यांनी तयार केलं. त्याची नळी 15,000 फूट लांब होती, आणि रिळाचा गाभा होता फक्त 9 फुटांचा.

खरी गंमत या लहान गाभ्यात आहे. 50 मिलिमीटर व्यासाची नळी अडीच मीटर व्यासाच्या रिळावर गुंडाळली, तर तिची बाहेरची बाजू किती ताणली जाते? 50 भागिले 2500, म्हणजे 2 टक्के. पोलाद लवचीक राहून मूळ आकारात परततं ते साधारण पाव टक्का ताणापर्यंतच. म्हणजे नळी दर वेळी कायमची वाकते आणि पुन्हा बळानं सरळ केली जाते. रिळावरून सुटताना सरळ, नळीला विहिरीकडे वळवणाऱ्या गूजनेक नावाच्या कमानीवर वाक, नळी पकडून खाली ढकलणाऱ्या इंजेक्टरच्या साखळ्यांत शिरताना सरळ. वर येताना तेच उलट्या क्रमानं. एका फेरीत असे सहा प्रसंग येतात. तार मागेपुढे वाकवून तोडतात, तीच ही क्रिया. त्यात आत दाब असेल तर दर वाकण्याला पोलाद किंचित बाहेरच्या दिशेनं सरकतं, नळी फुगते, भिंत पातळ होते आणि आयुष्य झपाट्यानं घटतं.

सुरुवातीच्या नळ्या इथेच हरल्या. 50 फुटी तुकडे टोकाला टोक लावून वेल्ड केलेले, म्हणजे 15,000 फुटांत सुमारे 300 आडवे वेल्ड. वेल्डच्या उष्णतेनं बदललेलं पोलाद एकाच छेदात गोलाकार पसरलेलं, आणि वाकण्याचा सगळा ताण बरोबर त्याच्यावर आडवा. यावरचा उपाय मला या क्षेत्रातली सर्वांत देखणी कल्पना वाटतो. नळी घडवण्याआधी पोलादाच्या सपाट पट्ट्याच 45 अंशांच्या तिरप्या रेषेत जोडायच्या. पट्टी वळवून नळी केली की ती तिरपी रेषा मळसूत्र बनते. मग कुठल्याही छेदात वेल्डचा वाटा थोडासाच उरतो. पट्टीच्या दोन कडा जोडणारा लांबच लांब उभा वेल्ड असतोच, पण वाकण्याचा ताण त्याला समांतर जातो, त्यामुळे तो तितका घातक ठरत नाही. 2010 नंतरच्या दशकात याही पुढे जाऊन तयार नळीवरच सलग उष्णता-प्रक्रिया होऊ लागली, त्यामुळे वेल्ड आणि मूळ पोलाद यांची घडण जवळजवळ सारखी होते.

नळी तुटली की ‘नशीब’ म्हणणं मला मान्य नाही. दसऱ्याला यंत्राला हार जरूर घालावा, पण पोलादाचा थकवा लिंबू-मिरचीनं उतरत नाही, तो मोजावा लागतो. म्हणून संगणकात नळीचे छोटे छोटे भाग पाडून प्रत्येक भाग किती वेळा, कोणत्या दाबाला वाकला याचा हिशेब ठेवतात. एकाच खोलीवर वारंवार काम झालं, तर ठरावीक भागच गूजनेकवर पुन्हा पुन्हा येतो आणि तेवढाच थकतो. तेव्हा टोकाकडचा तुकडा कापून टाकतात, म्हणजे पुढच्या खेपेला कमानीवर दुसरा भाग येतो.