व्हॅलेंटाइन ब्लॅकर

ब्लॅकर, व्हॅलेंटाइन (१७७८–१८२६) : ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेचा क्वार्टरमास्टर जनरल, तिसऱ्या इंग्रज–मराठे युद्धाचा इतिहासकार आणि अखेरीस हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल, म्हणजे मोजणी व नकाशे खात्याचा प्रमुख. जन्म आयर्लंडमधील आर्मा परगण्यात. १७९८ मध्ये तो मद्रासच्या घोडदळात दाखल झाला आणि १८१० मध्ये क्वार्टरमास्टर जनरलच्या पदावर चढला.

पदाच्या नावावरून हे कोठीचे काम वाटते. प्रत्यक्षात मोहिमेचे डोळे तेच. फौज कोणत्या वाटेने जाईल, मुक्काम कुठे पडेल, तिथे पाणी आणि वैरण पुरेल का, नदीला पायी ओलांडण्याजोगा उतार कुठे सापडेल, घाटातून तोफगाडे निघतील का, हे सारे या खात्याने आधी ठरवायचे. हुकूम मात्र सेनापतीच्या नावाने सुटे, त्यामुळे लढायांच्या वर्णनांत अशा अधिकाऱ्यांची नावे सहसा मागेच राहतात. दख्खनसारख्या मुलखात, जिथे मोठ्या फौजेमागे हजारो बैल चालत, तिथे पाण्याचा अंदाज चुकणे लढाई हरण्याइतकेच महाग पडे.

१८१७ मध्ये सर टॉमस हिस्लॉपच्या दख्खन फौजेबरोबर ब्लॅकर नर्मदेपार माळव्यात गेला. २१ डिसेंबरला महिदपूरजवळ होळकरांच्या तोफा क्षिप्रेच्या पलीकडे मांडलेल्या होत्या, आणि तो मारा सोसत उतारावरूनच नदी ओलांडावी लागली. कंपनीकडचे सुमारे ८०० ठार-जखमी झाले, पण होळकरांचा पराभव झाला व ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. परतीच्या वाटेवर, फेब्रुवारीत, याच फौजेने तापीकाठचे थाळनेर घेतले. तिथल्या किल्लेदाराला हिस्लॉपने फाशी दिले. त्यावरून लंडनच्या पार्लमेंटमध्येही प्रश्न उठले.

१८१९ पर्यंतच्या या सगळ्या हालचालींचा ब्लॅकरने लिहिलेला वृत्तांत, नकाशे व आराखड्यांसह, १८२१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. तो जेत्याच्या बाजूने लिहिलेला आहे, हे वाचताना क्षणभरही विसरू नये. तरीही बखरींत आणि पत्रांत जे सहसा सापडत नाही, म्हणजे फौजांची नेमकी जागा, अंतरे, कूच आणि मुक्काम, ते इथे मिळते. पेशवाईच्या अखेरच्या मोहिमा भूगोलावर ठेवून पाहायच्या असतील तर या वृत्तांताला टाळता येत नाही.

१८२३ मध्ये ब्लॅकर सर्व्हेअर जनरल झाला. त्याच वर्षी जानेवारीत त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, म्हणजे त्रिकोणांच्या जाळ्याने देश मोजण्याच्या कामाचा, जनक विल्यम लॅम्बटन हिंगणघाटला वारला होता आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले होते. एव्हरेस्ट आजारी पडून १८२५ मध्ये विलायतेला गेला. हे खर्चिक काम पुढे चालू राहावे यासाठी ब्लॅकर आग्रही राहिला. लॅम्बटन वगळता या खात्यात त्याच्याइतका कर्तबगार माणूस झाला नाही, असे एव्हरेस्टने पुढे लिहून ठेवले. १८२६ मध्ये कलकत्त्यात ब्लॅकरचा मृत्यू झाला. तिथल्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत त्याचे स्मारक आहे.