पिरॅमिड करण्याआधी : प्राथमिक वर्गातल्या इतिहास-प्रकल्पांची पार्श्वभूमी

पुठ्ठ्याचा पिरॅमिड, ओल्या मातीची पाटी, ममी कशी होते ते कळावं म्हणून मिठात पुरलेलं सफरचंद. प्राचीन इतिहास लहान मुलांना असा हाताने करून शिकवायची पद्धत नवी वाटते, पण ती सव्वाशे वर्षांची आहे. आणि तिच्यामागचं एक कारण आज सांगताना थोडं अवघडायला होतं.

वस्तू आणि चित्रांतून शिकवण्याचा आग्रह त्याहून जुना. चेक शिक्षणतज्ज्ञ कमेनियस याचं मुलांसाठीचं सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ चं. पुढे स्वित्झर्लंडचा पेस्टालॉझी आणि जर्मनीचा फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञांनी मुलांच्या हातात प्रत्यक्ष वस्तू दिल्या. पण या सगळ्यात इतिहास फारसा कुठे नव्हता. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या, त्याही तोंडपाठ.

तो खालच्या वर्गांत आला एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत. हर्बार्ट या जर्मन विचारवंताचे अनुयायी त्सिलर आणि राइन यांचं म्हणणं असं, की मानवजात ज्या पायऱ्या चढून आली त्याच पायऱ्या प्रत्येक मूल चढतं. म्हणजे सहा-सात वर्षांचं मूल मनाने आदिमानवाच्या जवळ. मग त्याला आधीच्या पायऱ्यांना जुळणारे विषय शिकवावेत आणि अलीकडचे काळ मोठ्या वर्गांसाठी ठेवावेत. अमेरिकेत स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञाने अशाच कल्पनेला बळ दिलं. यातला गर्भित अर्थ वाईट होता : जगातले काही जिवंत समाज म्हणजे माणसाचं ‘बालपण’. विज्ञानाने हा सिद्धांत पुढे टाकून दिला. अश्मयुग मात्र कित्येक अभ्यासक्रमांत अजून लहान वर्गांतच आहे.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूईने १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा, म्हणजे शिकवण्याच्या नव्या पद्धती करून बघायची शाळा, काढली, तेव्हा ही कल्पना हवेत होतीच. त्याने तिला वेगळं वळण दिलं. मूल आदिमानवासारखं आहे की नाही हा वाद सोडा. आदिमानवापुढची अडचण मुलापुढे ठेवा. तिथल्या मुलांनी हत्यारासाठी कुठला दगड बरा ते पाहिलं. लोखंड वितळवायला मातीची भट्टी बांधली, तर भट्टीचं तोंड आणि धुराची वाट यांचं प्रमाण चुकलं आणि हवा नीट खेळेना. मग ज्वलन म्हणजे काय, हवेचा ओढा कसा लागतो, हे शिकणं भाग पडलं.

त्याच शाळेतला कापसाचा धडा प्रसिद्ध आहे. मुलांपुढे लोकर आणि कापसाची बोंडं ठेवली. अर्धा तास बोटांनी सरकी काढून हाती रुई आली एका औंसाहूनही कमी, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमसुद्धा नाही. शिवाय कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत, लोकरीचा लांब आणि खरखरीत, एकमेकांना धरून राहणारा. आपले पूर्वज लोकर का वापरत, हे मुलांना न सांगता उमगलं.

धडा सुरेख आहे, पण इथे मी नेहमी अडखळतो. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापडाचे अवशेष मिळाले, तेही चार हजार वर्षांहून जुने. सरकी तिथेही चिवटच असणार! मग त्या लोकांनी काय केलं? बोटांनी घेतलेला अनुभव प्रश्न उभा करतो. उत्तरासाठी पुरावाच बघावा लागतो. प्रकल्पांच्या पुढच्या इतिहासात नेमका हाच भाग वारंवार गळाला.

१९१८ मध्ये विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने ‘प्रकल्प पद्धती’ मांडली. मनापासून, हेतू धरून केलेली कुठलीही कृती हा त्याच्या लेखी प्रकल्प. व्याख्या इतकी सैल झाल्यावर तिच्यात काहीही बसू लागलं, रंगवलेला पुठ्ठाही. नुसत्या कृतीला शिक्षण म्हणण्याबद्दल ड्यूईने १९३८ मध्ये स्वतःच कान टोचले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर वारं उलटं फिरलं. आधी घर, मग शेजार, मग गाव अशा वाढत्या वर्तुळांच्या अभ्यासक्रमात दूरच्या काळाला जागा उरली नाही. मुलांची विचारशक्ती टप्प्याटप्प्याने वाढते असं मांडणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा आधार घेऊन इंग्लंडमध्ये रॉय हॅलम या संशोधकाने इतिहासातला अमूर्त विचार सोळाव्या वर्षाच्या आसपासच जमतो असं मांडलं. पण त्याआधीच, १९६० मध्ये, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर म्हणून गेला होता की कुठलाही विषय कुठल्याही वयाच्या मुलाला प्रामाणिक रूपात शिकवता येतो. इंग्लंडमधल्या १९७२ पासूनच्या स्कूल्स कौन्सिल हिस्टरी प्रोजेक्ट या इतिहास-शिक्षणाच्या उपक्रमाने पुरावा वाचण्यावर भर दिला. तो मोठ्या मुलांसाठी होता, पण हळूहळू त्याची सवय खालच्या वर्गांतही झिरपली.

त्याच सुमारास पुरातत्त्वज्ञही हाताने करून बघू लागले होते. डेन्मार्कमधल्या लायरे इथे १९६४ मध्ये आणि इंग्लंडमधल्या बट्सर इथे १९७२ मध्ये लोहयुगीन घरं, शेतं पुन्हा उभारली गेली. आता शिक्षकाला म्हणता येत होतं, संशोधकही हेच करतात. इंग्लंडच्या २०१४ पासूनच्या अभ्यासक्रमात सात ते अकरा वयोगटाला अश्मयुग ते लोहयुग हा भाग आला.

मातीच्या पाटीचंच बघा. मूल आधी काडीच्या टोकाने रेघ ओढतं. माती कडेला उचलून येते, दुसरी रेघ पहिलीला मोडते, गोल तर जमतच नाही. मग काडीची कड नुसती दाबली की स्वच्छ पाचर उमटते. याच वेळी आजच्या इराकमधल्या उरुक या प्राचीन शहरातल्या सुमारे इ.स.पू. ३३०० च्या, चित्रं कोरलेल्या पाट्यांची छायाचित्रं आणि नंतरच्या पाचरींच्या लिपीची छायाचित्रं शेजारी ठेवली, तर चित्रातले गोल कुठे गेले हे मुलं स्वतःच सांगतात. त्यानंतर बहुतेक वर्गांत प्रत्येक जण पाटीवर आपलं नाव लिहितो आणि तास संपतो. त्या सर्वांत जुन्या पाट्यांवर मात्र मुख्यतः हिशेब आहेत : जव, मेंढ्या, मजुरांचा शिधा.