मुलामा दिलेले संगणक कॅबिनेट

मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किटबोर्ड), एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग), डिस्क आणि पंखे बसवण्यासाठी पत्रा कापून, वाकवून स्वतः घडवलेली पेटी. तिचे सगळे किंवा काही भाग घासून आरशासारखे केलेले असतात आणि त्यांवर विजेच्या साहाय्याने निकेल, क्रोम किंवा तांब्याचा पातळ थर चढवलेला असतो. बेळगाव सीमाभागात यासाठी वेगळा कारखाना उभा करावा लागत नाही. उद्यमबाग आणि मच्छे येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रांच्या सुट्या भागांसाठी जे पत्राकाम, टर्निंग (लेथवरचे काम) आणि पॉलिश चालते, तेच या पेटीला लागते.

धातू चमकवण्याची ओळख इथे जुनी आहे. पितळी भांड्यांना कल्हई घरोघर होत असे, पण ती उष्णतेची किमया होती: तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून वितळलेले कथील फिरवायचे. मुलामा ही वेगळी क्रिया असून तिला वीज लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्या काळातल्या सायकलींचे चकाकणारे भाग निकेलचे असत. क्रोमचा व्यापारी वापर १९२०च्या दशकात सुरू झाला आणि तोही निकेल हटवून नव्हे, निकेलवरच बसला. आजही शोभेचे क्रोम म्हणजे खाली निकेलचा १० ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) थर आणि वर क्रोमचा जेमतेम अर्धा मायक्रॉन.

बेळगावात हा फरक विशेष लक्षात ठेवावा लागतो. हे शहर हायड्रॉलिक्ससाठी (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांसाठी) ओळखले जाते आणि सिलिंडरच्या दांड्यांवर चढते ते ‘हार्ड क्रोम’. ते थेट पोलादावर, वीस-तीस मायक्रॉन किंवा त्याहून जाड चढवतात, मग ग्राइंडिंग करून मापात आणतात. झीज सोसणे हे त्याचे काम. कॅबिनेटचे पॅनल तिथे नेऊन नुसते ‘क्रोम करा’ म्हटले तर हवा तो निळसर आरसा मिळत नाही. ‘निकेल-क्रोम, शोभेचे’ असे स्पष्ट सांगावे.

मापांत चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. एटीएक्स या प्रमाणित आकाराचा मदरबोर्ड ३०५ × २४४ मिमी, त्याहून लहान मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिमी. मागची पोर्टांची खिडकी १५८.७५ × ४४.४५ मिमी, कार्डांच्या दोन खाचांमधले अंतर २०.३२ मिमी, १२० मिमी पंख्याच्या भोकांमधले अंतर १०५ मिमी. हे विचित्र दशांश इंचांतून आले आहेत (२०.३२ म्हणजे ०.८ इंच). म्हणून रेखाटन करताना आकडे सोयीसाठी पूर्ण करू नयेत.

पेटीच्या सांगाड्याला १.२ मिमी सीआर (थंड लाटलेला पोलादी) पत्रा चांगला. ४५ × ४५ सेंमीचे एक पॅनल १.९ किलोच्या आसपास भरते. तेच २ मिमी ॲल्युमिनियमचे १.१ किलो. पण ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्यावर मुलामा टिकण्यासाठी आधी झिंकेटची (जस्ताचा पातळ थर देण्याची) वेगळी पायरी लागते आणि केवळ पोलाद-पितळ करणारे प्लेटर (मुलामा देणारे) ते काम घेत नाहीत. ॲल्युमिनियम नुसते पॉलिश करावे किंवा ॲनोडाइझ करावे (विजेने त्याचाच ऑक्साइड जाड करावा), पाये, मुठी, बटणाची कडी असे छोटे दर्शनी भाग पितळेत टर्न करावेत, हा मार्ग सर्वांत कमी त्रासाचा आहे. पितळ निकेल सहज घेते.

खरी चमक पॉलिशमध्येच तयार होते. निकेलच्या हौदात पत्रा चकचकीत होतो, पण ओरखडा बुजत नाही. उलट आधी न दिसणारा ओरखडा उठून दिसतो. त्यामुळे घासण्याला घाई चालत नाही. १२०, २४०, ४००, ६०० अशा क्रमाने एमरी बारीक करत जायचे आणि प्रत्येक वेळी दिशा आडवी बदलायची, म्हणजे आधीच्या टप्प्याचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते कळते. त्यानंतर तागासारख्या राठ सिसलचे चाक, शेवटी मऊ सुती कापडाचे. चाकाला लावायची पॉलिशची वडी पोलादाला हिरवी, शेवटच्या हाताला पांढरी. पांढऱ्या वडीतला कण असतो ॲल्युमिनाचा, आणि विशेष प्रतीच्या ॲल्युमिनाचा मोठा कारखाना बेळगावातच आहे, हिंडाल्कोचा. काम झाले का हे बघायला पत्रा ट्यूबलाइटखाली तिरपा धरतात. नळीचे प्रतिबिंब सरळ दिसले तर ठीक, कुठे लचकले तर तिथे खड्डा आहे.

लेसरने ऑक्सिजनवर कापलेल्या कडांवर काळपट ऑक्साइड राहतो. तो घासून काढला नाही तर नेमका त्याच कडेचा मुलामा सोलतो. ॲल्युमिनियमची धूळ आणि पोलादाच्या ठिणग्या एकाच बफिंग मशीनवर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. ती धूळ पेट घेते आणि हवेत उडालेली असली तर स्फोट होतो.

प्लेटिंगच्या आधी तेलकटपणा काढून, धुऊन, आम्लात बुडवून पुन्हा धुतात. पत्रा स्वच्छ आहे याची खूण साधी: पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला पाहिजे. कुठे थेंब-थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे. निकेलच्या द्रावणात निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल असते. ऑलिव्हर वॉट्स यांनी १९१६ साली सुचवलेले हे मिश्रण थोड्याफार फरकाने अजून चालते. दर चौरस डेसिमीटरला ४ अँपिअर दिले की पंधरा मिनिटांत सुमारे १२ मायक्रॉन निकेल बसते. वर सांगितलेल्या पॅनलला दोन्ही बाजू धरून १६० अँपिअर लागतात, म्हणून दागिन्यांना मुलामा देणाऱ्याचा छोटा रेक्टिफायर (एकदिश वीज देणारे यंत्र) इथे पुरत नाही.

वीज टोकांकडे आणि कडांकडे जास्त धावते. तिथे थर जाड, आतल्या कोपऱ्यात पातळ, आणि बंद पेटीच्या आत जवळजवळ काहीच नाही. म्हणून पेटी जोडून मग प्लेटिंगला देणे चूक आहे. सुटी पॅनले द्यावीत, जोडणी नंतर. आट्यांचाही विचार आधीच करावा. १५ मायक्रॉन थराने स्क्रूचा प्रभावी व्यास त्याच्या चौपट, म्हणजे ६० मायक्रॉनने फुगतो, कारण आट्यांच्या दोन्ही तिरप्या बाजूंवर थर बसतो. एम-३ची (३ मिमी स्क्रूची) भोके बुजवून पाठवावीत किंवा परत आल्यावर टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवावा. एसएमपीएस आणि ३.५ इंची डिस्कला इंची ६-३२ स्क्रू (६ नंबरचे, इंचाला ३२ आटे) लागतात. तिथे एम-३ चालत नाही.

ही कामे घराच्या मागच्या अंगणात करू नयेत. क्रोमच्या हौदातले सहा संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि तांब्याच्या काही हौदांत सायनाइड असते. नीट चालवलेल्या कारखान्यात क्रोमियम आधी आम्लधर्मी पाण्यात मेटाबायसल्फाइटने तीन संयुजी करतात, मग चुन्याने गाळ म्हणून खाली बसवतात. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्याला लागून शहापूर-वडगावची भातशेती आहे. चकाकत्या पेटीसाठी त्या शिवारात विष जाऊ नये, एवढी चौकशी प्लेटरकडे काम देताना करणे हा ग्राहकाचा धर्म आहे.

जोडणीपूर्वी भोकांत अडकलेली पॉलिशची वडी आणि सुती धागे ब्रशने काढावेत. मदरबोर्डाखाली जिथे भोक नाही तिथे पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा खुंट) राहिला तर शॉर्ट होतो. रंगवलेल्या कॅबिनेटमध्ये धातू रंगाखाली झाकलेला असतो, इथे तो थेट हाताला लागतो. घरचे अर्थिंग तुटलेले असेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे पेटीवर जवळपास निम्मा दाब, सुमारे ११५ व्होल्ट, तरंगत राहतो आणि झिणझिण्या येतात. तीन पिनांचा प्लग आणि तपासलेले अर्थिंग याला पर्याय नाही.

निकेल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्याने थराला सूक्ष्म छिद्र असेल तर तिथले लोखंड उलट लवकर गंजते. खानापूरकडच्या पावसात हे पहिल्याच वर्षी कळते. तांबूस ठिपके आतल्या कोपऱ्यांतून, जिथे थर पातळ, तिथूनच सुरू होतात. मिरगाच्या आधी त्या कोपऱ्यांना पारदर्शक लॅकरचा हात द्यावा. तांब्याचा थर उघडा ठेवला असेल तर त्यालाही तोच, नाहीतर तो काळवंडतो. पुसायला मऊ सुती फडके पुरते. पितळेची समई घासायची पूड या मुलाम्याला लावू नये.