तुमचं जहाज किती टनांचं? ग्रॉस टनेज आणि डेडवेट

मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर आहे, त्यामुळे सुट्टीत गावी आलो की प्रश्न ठरलेला असतो: "जहाज केवढं? किती टनांचं?" माझ्याकडे याची तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. गेलं कॉन्ट्रॅक्ट मी एका बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर केलं. त्याचं ग्रॉस टनेज साधारण ३३ हजार, डेडवेट ५७ हजार आणि पूर्ण भरल्यावर अख्ख्या जहाजाचं वजन ६८ हजार टनांच्या आसपास. काकांना मी ५७ हजार सांगतो, कारण त्यांना विचारायचं असतं ते "माल किती नेता?" एवढंच.

घरी असताना मराठी विकिपीडियावरचे जहाजांचे लेख नीट करत बसतो. तिथे काकांना दिलं तसं उत्तर चालत नाही. माहितीचौकटीत नुसतं "टन" लिहिलं की वाचणारा ते वजनच समजणार, आणि बऱ्याचदा तो आकडा वजनाचा नसतोच.

ज्यांच्या घरात कधी पायली होती, त्यांना ही भानगड लगेच कळेल. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर चुरमुरे घ्या. माप एकच, पण तराजूत टाकले तर काही ताळमेळ नाही. ग्रॉस टनेज म्हणजे पायली, जागेचं माप. डेडवेट म्हणजे तराजू, वजनाचं. घोळ एवढाच की दोघांच्याही नावाला टन चिकटलेला आहे.

तो चिकटला कसा? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जहाजात दारूची पिंपं किती मावतात यावरून त्याची क्षमता ठरायची, आणि त्या मोठ्या पिंपाचं नाव होतं "टन". म्हणजे जहाजाचा टन जन्मापासूनच जागेचा. पुढे १८५४ च्या ब्रिटिश कायद्याने १०० घनफूट जागेला एक रजिस्टर टन ठरवला. टायटॅनिकचे ४६,३२८ टन म्हणतात ते हेच, म्हणजे सुमारे ४६ लाख घनफूट जागा. वजन वेगळंच होतं, ५२ हजार टनांच्या वर. तरी "४६ हजार टन वजनाची टायटॅनिक" हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता चिडायचंही सोडून दिलं.

रजिस्टर टनात पळवाटा फार होत्या. वरच्या डेकखालच्या जागेला एक ठरावीक प्रकारचं उघडं तोंड ठेवलं की ती जागा कागदावर "बंदिस्त नाही" ठरायची. माल तिथे भरायचाच, पण मोजणीत ती धरायची नाही! बंदराचं शुल्क टनेजवर असल्याने मालकाचे पैसे वाचायचे. या सगळ्यावर १९६९ चा आंतरराष्ट्रीय करार आला आणि १८ जुलै १९८२ पासून लागू झाला. आता जहाजातल्या सगळ्या बंदिस्त जागेचं घनमीटरमध्ये आकारमान काढतात आणि त्याला एका गुणकाने गुणतात. हा गुणक जहाज मोठं होईल तसा हळूहळू वाढतो: १० हजार घनमीटरला ०.२८, एक लाखाला ०.३०. म्हणून एक लाख घनमीटरच्या जहाजाचं ग्रॉस टनेज ३० हजार. नुसतं ३० हजार. पुढे "टन" लिहायचंच नाही, कारण या आकड्याला एककच नाही. माझी निम्मी संपादनं हा एक शब्द खोडण्यात जातात.

डेडवेटचं मात्र उलट. तो खराखुरा भार आहे, मेट्रिक टनांत. उन्हाळी भाररेषेपर्यंत (भरण्याची मर्यादा दाखवणारी जहाजाच्या बाजूवरची खूण) जहाज पाण्यात जाईल एवढं भरलं तर त्यावर जे जे चढवता येतं ते सगळं यात धरतात: माल, इंधन, गोडं पाणी, बॅलास्ट (तोल राखायला टाक्यांत घेतलेलं पाणी), शिधा, सुटे भाग, खलाशी आणि त्यांच्या बॅगा. त्यामुळे ५७ हजार डेडवेटच्या जहाजावर ५७ हजार टन माल कधीच जात नाही. आमचा हिशेब ५५ हजारांच्या आगेमागे थांबतो. माल भरून झाला की सर्व्हेयरबरोबर फिरून पुढचे, मधले, मागचे ड्राफ्ट, म्हणजे जहाज किती खोल बुडालंय त्याचे आकडे, दोन्ही बाजूंनी वाचायचे, बादलीत समुद्राचं पाणी काढून घनता बघायची आणि मग तक्त्यांवरून वजन काढायचं. एवढं करूनही दोन-तीनशे टनांचा हिशेब लागत नाही. टाक्यांतला गाळ, वर्षानुवर्षांचे रंगाचे थर, कुणीतरी कधीतरी ठेवलेलं भंगार. त्याला आम्ही "कॉन्स्टंट" म्हणतो, आणि तो दर वेळी बदलतो.

दोन्ही मापं का लागतात ते होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या कोठारात, वाकून बघितलं की कळतं. गोव्यात मुरगावला लोहखनिज भरलं तर जहाज भाररेषेला टेकतं तेव्हा होल्ड तिसरा हिस्साही भरलेला नसतो. तळाशी लाल ढीग आणि वर नुसती हवा. तेच कोक, म्हणजे भाजलेला हलका कोळसा, भरला की होल्ड काठोकाठ, पण वजन पस्तीसेक हजार टनच, आणि भाररेषा पाण्याच्या बरीच वर.

प्रवासी जहाजांत हा फरक टोकाला जातो. ओॲसिस ऑफ द सीज या क्रूझ जहाजाचं ग्रॉस टनेज सव्वादोन लाख आणि डेडवेट फक्त १५ हजार. खोल्या, नाट्यगृहं, बागा अशी जागाच जागा. अमेरिकेची निमित्झ वर्गातली विमानवाहू जहाजं लाखभर टनांची, तेव्हा हे क्रूझ त्यांच्या दुप्पट जड, असं कुणीही सहज लिहून जातो. पण युद्धनौकेचा आकडा म्हणजे विस्थापन, तिच्या अख्ख्या देहाचं वजन. क्रूझचं विस्थापनही लाखाच्याच घरात आहे, म्हणजे तराजूत दोघं जवळजवळ बरोबरीचे. दुसऱ्या टोकाला तेलवाहू सीवाइज जायंट: डेडवेट ५,६४,७६३ टन, ग्रॉस टनेज त्याच्या निम्म्याहून कमी. हे जहाज शेवटी अलंगच्या किनाऱ्यावर तोडलं गेलं, आणि भंगाराचा भाव यातल्या कुठल्याच आकड्यावर ठरत नाही. तिथे रिकाम्या जहाजाचं वजन बघतात.

मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेलं एव्हर गिव्हन मला सर्वांत जास्त छळतं. ग्रॉस टनेज सुमारे २ लाख २० हजार, डेडवेट सुमारे २ लाख. आकडे इतके जवळ की अदलाबदल झाली तरी कुणाला शंका येत नाही. दोन लाख वीस हजार टनांचं जहाज वाळूत रुतलं, असं त्या आठवड्यात ठिकठिकाणी वाचलं. तो आकडा वजनाचा नव्हता.

कायदा आणि कर बहुतेक ग्रॉसच्या बाजूने चालतात. आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या मालवाहू जहाजाला सोलास या सागरी सुरक्षेच्या कराराचे बरेचसे नियम ५०० ग्रॉसपासून लागतात, आणि आमच्या परवान्यांवरही ३,००० ग्रॉसची रेघ असते. त्यामुळे मुद्दाम ४९९ ची जहाजं बांधणारे महाभागही आहेत. व्यापार मात्र डेडवेटमध्ये बोलतो. दलाल "सत्तावन्न हजारांचं बल्कर" म्हणतो तेव्हा ग्रॉस त्याच्या डोक्यातही नसतं.

मराठीत "टनभार" शब्द सुचवला जातो. दिसायला छान, पण त्यातच "भार" बसलाय, म्हणून मी ग्रॉस टनेज तसंच ठेवतो. अडचण वेगळीच आहे. विकिपीडियावर "मी जहाजावर असतो, मला ठाऊक आहे" हा पुरावा होत नाही, छापील संदर्भ लागतो. आणि छापील संदर्भात नुसतं "टन" असतं. मग आधी जहाजाचा प्रकार आणि साल बघतो. रामदाससारख्या कोकणच्या जुन्या प्रवासी बोटींच्या नोंदीत टन म्हणजे रजिस्टर टन असणार, हे मला कळतं. पण तसं सांगणारं नोंदणीपुस्तक हाती लागत नाही तोवर तो रकाना मी रिकामाच ठेवतो. मध्ये कुणीतरी येऊन त्यात "वजन" लिहून जातो आणि मी चर्चा पानावर परत पायली-तराजू मांडून बसतो.