टायरवरचा ‘केव्हलार’ आणि मराठवाड्यातला सराटा: पार्श्वभूमी

मराठवाड्यात रोड बाइक, म्हणजे अरुंद टायरची वेगाची सायकल, पंक्चर होते ती मुख्यतः सराट्यानं (गोखरूच्या काटेरी फळानं), बाभळीच्या काट्यानं, नाहीतर महामार्गाच्या कडेला पडलेल्या ट्रकच्या फुटक्या टायरमधल्या बारीक तारेनं. काचेचा नंबर त्यानंतर लागतो. ‘पंक्चर-रेझिस्टंट’ म्हणून विकले जाणारे बरेचसे टायर मात्र काचेचा काप अडवण्याच्या हिशेबानं बनलेले असतात. कमी पैशात टायर घेणाऱ्याची फसगत होते ती इथंच.

बेलफास्टच्या एका पशुवैद्यानं 1888 मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि पंक्चर तेव्हापासूनच मागे लागलं. आपल्याकडच्या काळ्या सायकलीचा त्यावरचा उपाय साधा होता: जाड रबर आणि बेताची हवा. वर जुन्या ट्यूबची पट्टी कापून टायरच्या आत घालायची. रोड बाइक आली ती 23 मिलिमीटरचा टायर आणि शंभरच्या वर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा घेऊन, आणि तिथं हा उपाय चालेना. अरुंद टायरमध्ये पट्टी जागेवर राहत नाही, तिची कापलेली कड ट्यूबवर घासत राहते आणि महिन्याभरात पट्टीच भोक पाडते.

आता ‘केव्हलार’. हा अरामिड जातीचा, फार मजबूत कृत्रिम धागा 1965 मध्ये एका अमेरिकी प्रयोगशाळेत सापडला आणि पुढे सायकलच्या टायरमध्ये दोन वेगवेगळ्या वाटांनी शिरला. एक वाट कडेची. टायर रिममध्ये जिथं अडकतो त्या कडेत पोलादी तारेऐवजी हा धागा घातला की टायरची घडी होते आणि वजन 50 ते 80 ग्रॅमनं उतरतं. पंक्चरशी त्याचा काडीचाही संबंध नाही. दुसरी वाट पट्ट्याची, म्हणजे ट्रेडखाली (रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली) विणलेला थर. शब्द दोन्हीकडे एकच छापतात. त्यामुळे ‘केव्हलारचा टायर’ म्हणून जास्त पैसे मोजून आणलेल्या टायरला नुसती घडीची कड असते, पट्टा नसतोच, असं सर्रास होतं. वेष्टनावर ‘बीड’ असेल तर ती कड. ‘बेल्ट’, ‘ब्रेकर’ किंवा ‘गार्ड’ असेल तर पट्टा. त्याच टायरची तारेच्या कडेची आवृत्ती स्वस्त पडते आणि पट्टा तोच असेल तर काट्यापुढे तितकीच टिकते. पैसे वाचवायची पहिली जागा ही.

पट्टा असला तरी सगळं भागत नाही. विणलेला अरामिड काचेची धार अडवतो, कारण धार धागा कापू पाहते आणि हा धागा सहजी कापला जात नाही. काटा धागा कापतच नाही, दोन धाग्यांमधून सरकतो. तारेचंही तेच. सराट्याचं फळ वाळलं की बहुधा पाच फाकांत फुटतं. प्रत्येक फाकेला सहसा दोन लांब आणि दोन आखूड काटे असतात, आणि फाक कशीही पडली तरी एखादा काटा आभाळाकडे असतोच. पाच-सहा मिलिमीटरच्या या काट्यापुढे विणीपेक्षा जाडीच कामाला येते. ट्रेडच्या दोन-अडीच मिलिमीटरखाली तीन ते पाच मिलिमीटरचा रबरी थर असला की टोक ट्यूबपर्यंत पोचत नाही. मॅरेथॉन प्लससारख्या टायरचा थर याच जातीचा. चढावर वजन जाणवतं, चाल जड होते, तरीही बीड-परभणीकडच्या रस्त्यांवर रोजच्या वापराला हीच जात योग्य. गेटरस्किनसारखे टायर हलके आणि टिकाऊ आहेत, पण त्यांचा पातळ पट्टा सराट्याला पुरत नाही. धुऱ्यावरच्या कुंपणासाठी ओढत नेलेल्या बाभळीच्या फांदीतून गळालेला लांब काटा उभा घुसला, तर मात्र कुठलाच थर पुरत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत शर्यतीतले टायर 23 वरून 25 आणि आता 28 मिलिमीटरवर आले. डिस्क ब्रेकमुळे फ्रेममध्ये जागा झाली, त्यानं या बदलाला जोर आला. पंक्चरच्या दृष्टीनं रुंदीचा फायदा कमी हवेचा आहे. 70 किलोच्या माणसाला 28 च्या टायरमध्ये मागं 75-80 आणि पुढं 65-70 पीएसआय पुरते, आणि कमी ताणलेला टायर टोकावर दबतो. उन्हाळ्यात सकाळी 25 अंशांत भरलेली हवा दुपारी 45 अंशांत सहा-सात पीएसआयनं वाढते, तेवढी जागा सोडून भरावी.

खरेदीच्या वेळी ‘28’ या आकड्यानं वेगळा घोळ होतो. तालुक्याच्या दुकानात ‘28 चा टायर’ म्हटलं की काळ्या सायकलीचा 28 इंची टायर निघतो, त्याच्या रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास 635 मिलिमीटर. रोड बाइकची रिम 622 ची. तो टायर चढतो सहज, पण हवा भरताना निसटतो. टायरच्या बाजूवर 28-622 (मिलिमीटरमध्ये रुंदी आणि व्यास) असंच कोरलेलं हवं. टीपीआयचा, म्हणजे टायरच्या कापडात इंचाला किती धागे त्याचा, आकडाही जपून वाचावा. काही कंपन्या कापडाच्या तिन्ही थरांचे धागे मिळून मोजतात, म्हणजे 180 मागे थराला 60 च असतात. स्वस्तात 60 चा टायर काट्यांना बरा, तो जाड असतो.

दोन्ही टायरचा खर्च झेपत नसेल तर जाड टायर मागं घालावा, कारण भार तिथं जास्त आणि पंक्चरंही तिथंच जास्त. ट्यूबलेस आणि त्यातलं लॅटेक्सचं द्रव बारीक भोकं छान बुजवतं, पण रिम त्यासाठी बनलेली लागते आणि इथल्या उन्हाळ्यात द्रव दोनेक महिन्यांत वाळतं. खर्च वाढतोच.

टायर कुठलाही असो, ट्यूब जोडण्याआधी भोक कुठं आहे ते पाहावं. बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल तर काटा. रिमकडे शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी पडून ट्यूब चिमटली. रिमच्या अंगाला मधोमध असेल तर रिम टेप (रिमच्या आतली, ट्यूबखालची पट्टी) सरकली. काटा असेल तर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. तुटलेलं टोक बोटाला लागत नाही, कापूस मात्र त्यात अडकतो. ते चिमट्यानं बाहेरच्या बाजूनं ओढावं. आत राहिलं तर नवी ट्यूबही दोन-चार किलोमीटरवर बसते.