एक ‘सेल’, अनेक खोल्या

भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो सेल, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेतो तो सायबर सेल, तुरुंगातील कोठडी म्हणजे सेल, आणि दिवाळीच्या तोंडावर कापडाच्या दुकानात लागतो तोही सेलच. यांतला शेवटचा उपरा आहे. विक्री या अर्थाचा तो इंग्रजी शब्द मुळात निराळा, देवनागरीत आल्यावर मात्र त्याचे रूप बाकीच्यांसारखे झाले. उरलेले सारे लॅटिनमधील ‘सेल्ला’ म्हणजे लहान खोली या एकाच शब्दाचे वंशज आहेत.

जीवशास्त्रात हा शब्द आणला इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने. बुचाचा पातळ काप त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखे चिमुकले कप्पे दिसले. पोळ्यातील घरांना इंग्रजीत सेल म्हणतात. तेच नाव त्याने १६६५ च्या आपल्या ग्रंथात या कप्प्यांना दिले आणि एका घन इंचात ते सुमारे १२६ कोटी असावेत, असा हिशेबही मांडला. गंमत अशी, की बूच म्हणजे झाडाची मृत साल असल्याने हूकला दिसल्या त्या नुसत्या भिंती. आतला जीव केव्हाच गेला होता. पुढे १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पती व प्राणी या दोघांचीही शरीरे पेशींचीच बनलेली असतात, हे मांडले. प्राण्यांच्या पेशींना तर अशी भिंतच नसते, तरी इंग्रजीत नाव खोलीचेच राहिले. मराठीने घेतलेल्या ‘पेशी’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ मांसाचा गोळा किंवा स्नायू असा आहे, म्हणजे भिंतीपेक्षा आतल्या ऐवजाकडे बोट दाखवणारा, आणि म्हणून मला तो अधिक रुचतो. हिंदीने मात्र सेलला ‘कोशिका’ म्हटले आणि ‘मांसपेशी’ स्नायूसाठी ठेवली. त्यामुळे हिंदीतील आरोग्यविषयक मजकूर वाचताना मराठी माणूस हमखास अडखळतो.

मोबाइलच्या ‘सेल्युलर’ या विशेषणातही पोळेच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली पुढे आलेल्या कल्पनेनुसार प्रदेशाचे षटकोनी घरांत विभाजन केले, की एका घरातील रेडिओ वारंवारिता शेजारची घरे सोडून थोड्या अंतरावरच्या घरात पुन्हा वापरता येते.

विजेच्या सेलला पाठ्यपुस्तकात विद्युत घट म्हणतात. घरी आपण विजेरीलाच बॅटरी म्हणतो आणि ‘बॅटरीत सेल टाक’ असे सांगतो, पण शास्त्राच्या भाषेत अनेक सेल जोडले की त्यांची बॅटरी होते. मोटारीच्या जुन्या धाटणीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर ओळीने सहा बुचे असतात. पाणी घालताना प्रत्येक बूच वेगळे उघडावे लागते, कारण त्यांच्याखाली प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे सहा कप्पे असतात आणि एकातले पाणी दुसऱ्यात जात नाही.