स्कॅन धूसर आला: दोष स्लाइडचा की स्कॅनरच्या फोकसचा?

जुनी स्लाइड (चौकटीत बसवलेली रंगीत पॉझिटिव्ह फिल्म) स्कॅन केली, पडद्यावर शंभर टक्के आकारात उघडली आणि चेहऱ्याला हवी तशी धार नाही. अशा वेळी कोणी ‘मूळ फोटोच तसा असेल’ म्हणून सोडून देतो, कोणी ‘स्कॅनर गेला’ म्हणून हात टेकतो. वरवर पाहता दोन्ही दोष सारखेच दिसतात. पण स्कॅनरच्या फोकसवर इलाज आहे आणि कॅमेऱ्यातच चुकलेल्या फोकसवर जवळजवळ नाही. म्हणून आधी निदान. ते करताना चेहऱ्याकडे नाही, ग्रेनकडे, म्हणजे फिल्मवरच्या रंगाच्या बारीक कणांच्या रव्याकडे बघायचं.

कारण सरळ आहे. फोटो काढताना फोकस चुकला किंवा हात हलला, तर फिल्मवर पडलेली प्रतिमा मऊ होते. रंगाचे कण मात्र डेव्हलपिंगमध्ये तयार होतात; लेन्सनं काय गोंधळ घातला याचं त्यांना सोयरसुतक नसतं. स्कॅनर फिल्मकडे बघतो तेव्हा त्याच्या दृष्टीनं प्रतिमा आणि कण एकच. त्याचा फोकस चुकला की दोन्ही एकदम विरघळतात. म्हणजे चेहरा मऊ, पण मागच्या भिंतीवर ग्रेन खरखरीत दिसतोय, तर स्कॅनर निर्दोष आहे. ग्रेनही साय धरल्यासारखा मऊ झालाय, तर संशय स्कॅनरवर.

या कसोटीत काही चकवे आहेत आणि गफलत होते ती तिथेच. पहिला चकवा गडद भागांचा. सावल्यांमध्ये स्कॅनरच्या सेन्सरचा स्वतःचा नॉइज (विजेच्या गोंधळामुळे उमटणारे ठिपके) असतो, तो फोकस कितीही चुकला तरी टोकदारच राहतो आणि थेट ग्रेनसारखा दिसतो. त्यामुळे ग्रेन तपासायचा तो मध्यम उजळ, सपाट भागात, आणि सॉफ्टवेअरमधली शार्पनिंग (धार वाढवण्याची) व ग्रेन कमी करण्याची सोय दोन्ही बंद ठेवून. दुसरा चकवा धुळीचा. फिल्मचा पाया, म्हणजे तिची पारदर्शक पट्टी, साधारण ०.१३ मिमी जाड असतो. चकचकीत बाजूवरचा धुळीचा कण आणि पलीकडचं इमल्शन (प्रतिमा धरणारा थर) यांत तेवढं अंतर पडतं, आणि चांगल्या स्कॅनरच्या लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड (ज्या खोलीपर्यंत सगळं स्पष्ट दिसतं ती) इतकी तुटपुंजी असते की एक स्पष्ट दिसलं तरी दुसरं सुटू शकतं. धूळ ठसठशीत आणि ग्रेन मऊ, असं दिसलं तर फोकस चुकीच्या पृष्ठभागावर बसलाय. माउंटच्या (स्लाइडच्या चौकटीच्या) कडेवर तर भरवसा ठेवूच नये. ती फिल्मच्या पातळीत असेलच असं नाही.

कोडाक्रोम २५ किंवा वेल्विया ५० सारख्या फिल्मचा ग्रेन फार बारीक. ४००० डीपीआयला (एका इंचात ४००० ठिपके) एक पिक्सेल सुमारे ६.३५ मायक्रॉनचा होतो, त्यात हा ग्रेन नीट सापडत नाही. मग इमल्शनच्या, म्हणजे कमी चकाकणाऱ्या बाजूवरचा एखादा ओरखडा शोधावा.

दुसरी खूण म्हणजे धूसरपणा कुठे पसरलाय. कॅमेऱ्याचा दोष दृश्याच्या खोलीप्रमाणे चालतो: माणूस मऊ, पण त्याच्या मागचं कुंपण स्वच्छ. हात हलला असेल तर सगळ्या ठिपक्यांना एकाच दिशेनं शेपूट फुटतं. स्कॅनरच्या दोषाला दृश्याशी देणंघेणं नाही, तो फिल्मच्या आकाराप्रमाणे चालतो. मध्य स्वच्छ आणि चारही कोपरे मऊ, किंवा त्याच्या उलट, असं असेल तर फिल्म फुगलेली आहे; पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये हे नेहमीचंच. एकच बाजू मऊ असेल, तर स्लाइड १८० अंश फिरवून पुन्हा स्कॅन करा. मऊपणा स्लाइडबरोबर फिरला तर दोष स्लाइडमध्ये किंवा तिच्या माउंटमध्ये. स्कॅनरच्या त्याच बाजूला राहिला तर होल्डर, म्हणजे स्लाइड धरणारा साचा, तिरका बसतोय.

तरीही शंका उरली तर स्लाइड लाइट बॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) ठेवून ८ किंवा १० पट भिंगातून बघावी. भिंग नसेल तर कॅमेऱ्याची ५० मिमी लेन्स उलटी धरा, सुमारे ५ पट मोठं दिसतं. भिंगातून पापण्या मोजता येतात आणि स्कॅनमध्ये येत नाहीत, तर वाद मिटला.

इलाज स्कॅनरच्या जातीवर अवलंबून. निकॉन कूलस्कॅनमध्ये ऑटोफोकस असतो आणि फोकस बिंदू निवडता येतो. फुगलेल्या स्लाइडसाठी तो अगदी मध्यावर न ठेवता मध्य आणि कोपरा यांच्या अधेमधे, थोडा तपशील असलेल्या जागी ठेवावा. कोऱ्या आकाशावर ऑटोफोकसला पकडायला काहीच मिळत नाही. मिनोल्टाच्या डायमेज स्कॅन एलिट ५४०० ला हातानं फोकस करायचं चाकच आहे, आणि माझ्या मते ही सोय सगळ्यांनीच द्यायला हवी होती. प्लस्टेकच्या ऑप्टिकफिल्म मालिकेतल्या ८१०० सारख्या यंत्रांचा फोकस कायमचा ठरलेला. तिथे यंत्राला नाही, फिल्मलाच हलवावं लागतं: स्लाइड उलटी घालून पाहणं (प्रतिमा नंतर आरशासारखी फिरवून घ्यायची) किंवा माउंट बदलणं. एप्सन व्ही७०० सारख्या फ्लॅटबेडवर होल्डरची उंची बदलून पाहता येते. काचेच्या माउंटमध्ये फिल्म सपाट राहते खरी, पण न्यूटनची वलयं (काच आणि फिल्म टेकतात तिथे दिसणारी रंगीत वर्तुळं) आणि चार जादा पृष्ठभागांवरची धूळ पदरात पडते.

ग्रेन स्वच्छ, तपशीलही स्वच्छ, पण उजळ आकाशाचा प्रकाश झाडाच्या काळ्या फांद्यांवर सांडतोय, असं असेल तर प्रश्न फोकसचा नाहीच. स्कॅनरमधल्या आरशावर किंवा लेन्सवर धूळ किंवा धुरकट थर साचलाय. तो साफ करावा लागतो, पण आरशाचा लेप वरच्याच बाजूला असतो आणि सहज ओरखडतो.

आणि स्लाइडच मुळात मऊ निघाली तर? मग ४००० डीपीआयची सुमारे २१ मेगापिक्सेलची फाइल ठेवून फारसं काही साधत नाही. २००० डीपीआयला साधारण साडेपाच मेगापिक्सेल मिळतात, त्यात त्या स्लाइडमधलं सगळं सहसा मावतं. शार्पनिंगचा जोर वाढवला तर धार चढते ती ग्रेनला, चेहऱ्याला नाही.